'सासुके'च्या पिढ्या : एका नामकरणाचा इतिहास

वाङ्मयेतिहास शिकविणाऱ्याला 'पिढी' या शब्दावाचून एक पाऊलही टाकता येत नाही, आणि टाकलेले प्रत्येक पाऊल नंतर मागे घ्यावेसे वाटते. साठोत्तरी, नव्वदोत्तरी ही लेबले प्रश्नपत्रिकेत सोयीची असतात; पण एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याने "सर, हा कवी नेमका कोणत्या पिढीतला?" असे विचारले की आपण जन्मसाल सांगू लागतो, मग पहिल्या संग्रहाचे साल, मग तो कोणत्या अनियतकालिकात लिहीत होता ते, आणि यांपैकी कशावरूनही उत्तर मिळत नाही असे ध्यानात आल्यावर विषय बदलतो. पिढी ही वस्तुस्थिती आहे की नंतर केलेली मांडणी आहे, हा प्रश्न साहित्याच्या अंगणात सोडविणे कठीण जाते. कारण तेथे पुरावा धूसर असतो. कोणी कोणाचे काय वाचले होते, नामकरण कोणी आणि कोणत्या हेतूने केले, हे सहसा दाखविता येत नाही.

म्हणून प्रस्तुत लेखात साहित्याबाहेरचे, आणि प्रथमदर्शनी थिल्लर वाटेल असे, एक उदाहरण घेतले आहे. जपानमधील 'सासुके' या अडथळ्यांच्या शर्यतीच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने आपल्या स्पर्धकांच्या पिढ्या पाडल्या आहेत, त्यांना नावे दिली आहेत, आणि प्रेक्षकांनी ती नावे उचलून धरली आहेत. येथे कोण केव्हा आला, कोणत्या अडथळ्यावर पडला, किती सेकंदांनी हुकला, हे सर्व चित्रित आहे. पिढी 'घडते' कशी आणि 'घडविली' जाते कशी, या दोन्ही प्रक्रिया उघड्यावर पाहता येतील अशी जागा क्वचितच मिळते.

आपल्याकडच्या वाचकांना या प्रकाराची तोंडओळख वेगळ्या वाटेने झालेली असेल. २००० च्या दशकात 'पोगो' वाहिनीवर जावेद जाफरीच्या हिंदी समालोचनासह 'ताकेशीज कासल' दिसत असे. चिखलात घसरून पडणारी माणसे आणि त्यांवरची टिंगल हा त्याचा जीव. तो कार्यक्रम मुळात जपानच्या 'टीबीएस' वाहिनीवर १९८६ ते १९९० या काळात झाला होता आणि त्याचे चित्रण योकोहामातील मिदोरियामा येथील स्टुडिओच्या आवारात होई. त्याच वाहिनीने सप्टेंबर १९९७ मध्ये 'सासुके' सुरू केला. पहिली स्पर्धा बंदिस्त सभागृहात झाली. १९९८ मधल्या दुसऱ्या स्पर्धेपासून ती त्याच मिदोरियामाच्या मोकळ्या जागेत आली. दोहोंत जागा समान असली तरी वृत्ती अगदी भिन्न. 'ताकेशी'त पडणे हा विनोद होता. 'सासुके'त पडणे ही शोकांतिका आहे. शंभर स्पर्धक, चार टप्पे, आणि शेवटी एका उंच मनोऱ्यावर ठराविक सेकंदांत चढून जाऊन कळ दाबायची. जो ती वेळेत दाबतो त्याने 'कान्झेन्सेइहा', म्हणजे संपूर्ण विजय, मिळविला. बहुतेक स्पर्धांमध्ये असा विजेता नसतोच. स्पर्धकाची लढत दुसऱ्या स्पर्धकाशी नाही, मार्गाशी आहे. आणि मार्ग बहुधा जिंकतो. १९९७ ते २०२० या काळात चौघांनी मिळून अवघे सहा वेळा हा विजय मिळविला.

नावाविषयी थोडे. सासुके हा सारुतोबि सासुके या काल्पनिक निंजाचा आडोसा आहे. कथाकथनाच्या मौखिक परंपरेतून आलेला हा नायक ओसाकात १९११ पासून निघू लागलेल्या 'ताचिकावा बुंको' या स्वस्त, खिशात मावणाऱ्या पुस्तकमालेने घराघरांत पोहोचविला. झाडांवरून माकडासारखा उड्या मारणारा हा पोरगा इतिहासात कधी नव्हता, पण वाचणाऱ्या पोरांच्या पिढ्या त्याने झाडावर चढविल्या. ही गोष्ट पुढे उपयोगी पडणार आहे, म्हणून येथे नोंदवून ठेवतो. दुसरी नोंद अशी की, 'सासुके' सुरुवातीला स्वतंत्र कार्यक्रम नव्हता. 'किन्निकु बान्झुके' या कार्यक्रमाचा तो विशेष भाग होता. 'किन्निकु' म्हणजे स्नायू आणि 'बान्झुके' म्हणजे सुमो कुस्तीतील मल्लांची श्रेणीवार छापील यादी. वरच्या ओळीत मोठ्या अक्षरांत श्रेष्ठ मल्ल, खाली बारीक होत जाणाऱ्या अक्षरांत इतर. म्हणजे आरंभी जी चौकट होती ती श्रेणीची होती, पिढीची नव्हती. तो मूळ कार्यक्रम २००२ मध्ये बंद पडला, 'सासुके' मात्र उरला. पिढीची भाषा त्यानंतर, कार्यक्रमाला स्वतःचा भूतकाळ जमल्यावर, आली. ज्याला भूतकाळ नाही त्याला पिढ्या नसतात, एवढे तरी यावरून म्हणता येईल.

पहिल्या गटाला 'ऑल स्टार्स' म्हणतात. त्यात सहा जण गणले जातात : यामादा कात्सुमि, आकियामा काझुहिको, यामामोतो शिंगो, ताकेदा तोशिहिरो, शिरातोरि बुनपेइ आणि नागानो माकोतो. (जपानी रीतीप्रमाणे आडनाव आधी लिहिले आहे.) यांच्यात व्यावसायिक क्रीडापटू कोणी नाही. ताकेदा अग्निशमन दलात होते, यामामोतो पेट्रोलपंपावर काम करीत. आकियामा होक्काइदोच्या समुद्रात खेकडे पकडणारे कोळी; त्यांची दृष्टी जन्मतः अधू. ऑक्टोबर १९९९ मधल्या चौथ्या स्पर्धेत मनोऱ्याच्या माथ्यावर पोहोचणारे ते पहिले. ज्याला समोरचे नीट दिसत नाही त्याने सर्वांआधी शिखर गाठावे, ही गोष्ट कोणा कथाकाराने लिहिली असती तर आपण तिला बटबटीत म्हटले असते.

यामादांची गोष्ट याच्या उलट. १९६५ चा जन्म, म्हणजे गटातले वयाने मोठे. पहिल्या स्पर्धेपासून हजर. एकदा अंतिम टप्प्यापर्यंत जाऊन आले, आणि मग उरलेले आयुष्य जणू तेथे परत जाण्यासाठी घालविले. घराच्या आवारात अडथळ्यांच्या प्रतिकृती उभारून सराव करणारे, या स्पर्धेवाचून आपल्याजवळ काहीच नाही असे कॅमेऱ्यासमोर सांगणारे यामादा पुढे पुढे पहिल्याच टप्प्यात पाण्यात पडू लागले. विजय एकदाही नाही. तरीही 'ऑल स्टार्स' म्हटल्यावर जपानी प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढे आकियामांच्या आधी यामादा उभे राहत असतील तर आश्चर्य नाही. पिढीचा चेहरा ठरतो तो तिच्या यशावरून नव्हे, तर तिने कशाची किंमत किती मोजली यावरून. आपल्याकडेही साठच्या दशकातल्या अनियतकालिकांच्या चळवळीचे स्मरण करताना ग्रंथसंख्या कोणी मोजीत नाही.

नागानो मात्र या गटात बसविताना अडचण येते. ते मियाझाकीचे, मासेमारी नौकेचे कप्तान, डेकवर सराव करतानाचे त्यांचे दर्शन हे कार्यक्रमाचे एक चिरपरिचित दृश्य. जन्म १९७२ चा. ते प्रथम आले २००१ मधल्या सातव्या स्पर्धेत, म्हणजे आकियामांच्या विजयानंतर. हा तपशील क्षुल्लक नाही. कारण आकियामा जिंकल्यानंतर, पाचव्या स्पर्धेपासून मार्ग बदलण्यात आला होता. धावत येऊन माथा पकडायची ती प्रसिद्ध कमानदार भिंत, जी पुढे जगभरच्या अनुकरणांत या खेळाची खूण होऊन बसली, ती याच बदलात आली. म्हणजे आकियामांनी जो डोंगर जिंकला तो नागानोंनी कधी पाहिलाच नाही. आणि नागानोंनी ऑक्टोबर २००६ मधल्या सतराव्या स्पर्धेत जो जिंकला तो आकियामांना साधला नाही. त्याआधी एकदा नागानो मनोऱ्याच्या माथ्यावर पोहोचले होते, पण कळ दाबण्यास ०.११ सेकंद उशीर झाला होता. अनुभवाच्या दृष्टीने हे दोघे एका पिढीचे कसे? जन्मसालांचे साम्य घ्यावे तर यामादा आणि नागानो यांच्यात सात वर्षांचे अंतर. पदार्पणाचे साल घ्यावे तर १९९७ आणि २००१. जिंकलेला मार्ग घ्यावा तर दोन वेगळे मार्ग.

उत्तर असे की, 'ऑल स्टार्स' ही मुळात पिढी नव्हतीच. ते श्रेष्ठांच्या यादीचे नाव होते, म्हणजे बान्झुकेचाच अवतार. तिचे रूपांतर पिढीत केव्हा झाले? जेव्हा 'शिन-सेदाइ', नवी पिढी, असा दुसरा गट पुढे आला तेव्हा. २००७ ते २०१० च्या सुमारास उरुशिहारा युजि, नागासाकि शुन्सुके, ओकुयामा योशियुकि, कान्नो हितोशि, ताकाहाशि केन्जि, तैवानचे ली एन-चिह अशी नावे वारंवार दिसू लागली. निवेदक त्यांना 'नवे' म्हणू लागला, आणि त्या क्षणी ते सहा जण आपोआप 'जुने' झाले. जुनी पिढी नव्या पिढीच्या पोटी जन्म घेते, हे विधान ऐकायला चमत्कारिक असले तरी वाङ्मयेतिहासात नेहमीच खरे ठरलेले आहे. १९२३ साली रविकिरण मंडळ जमले तेव्हा ते कोणाला 'पूर्वीचे' वाटत नव्हते. मर्ढेकरांचा 'काही कविता' १९४७ मध्ये आला, 'नवकाव्य' हा शब्द रूढ झाला, आणि मग मागे वळून पाहताना मंडळातील एकमेकांशी न जुळणारी माणसेही एकाच पाटावर बसलेली दिसू लागली.

मात्र 'शिन-सेदाइ' हे केवळ निवेदकाच्या लेखणीचे अपत्य होते असे म्हणणेही अर्धसत्य ठरेल. कार्ल मानहाइम या समाजशास्त्रज्ञाने १९२८ मधल्या आपल्या प्रसिद्ध निबंधात पिढीच्या कल्पनेचे तीन थर वेगळे केले होते. एका काळी जन्मल्यामुळे मिळणारे नुसते स्थान. एकाच ऐतिहासिक घडामोडीत ओढले गेल्यामुळे तयार होणारी प्रत्यक्ष पिढी. आणि त्या घडामोडीला एकाच प्रकारे प्रतिसाद देणारे, पिढीच्या आतले गट. 'सासुके'त ही घडामोड कोणती, हे बोट ठेवून दाखविता येते. नागानोंच्या विजयानंतर मार्च २००७ मधल्या अठराव्या स्पर्धेत मार्गाची मोठी फेररचना झाली. जुन्यांच्या अंगात मुरलेली शहाणपणे एका रात्रीत निरुपयोगी झाली; नव्यांना विसरण्यासारखे काही नव्हतेच. तिसऱ्या टप्प्यातील तो कुप्रसिद्ध 'क्लिफहँगर' घ्या. भिंतीवरच्या अरुंद कडेला केवळ बोटांच्या टोकांनी लटकत पुढे सरकायचे, हा मूळ प्रकार. तो जिंकला जाऊ लागला की कडांमधले अंतर वाढे, कडा वरखाली होत, आणि नावापुढे विशेषणे लागत : 'शिन', 'अल्टिमेट', 'क्रेझी', 'अल्ट्रा क्रेझी'. (नावांची ही चढती भाजणी वाचताना आपल्याकडच्या कवितेवरील चर्चासत्रांची शीर्षके आठवल्यावाचून राहत नाहीत.) प्रत्येक विशेषणागणिक एक पिढी मागे पडली असे म्हटले तर फारसे चुकणार नाही.

म्हणजे येथे पिढी ठरविणारी गोष्ट वय नव्हे, तर कोणत्या रूपातला अडथळा माणसाला प्रथम भेटला ही आहे. हे साहित्याच्या अभ्यासकाला ओळखीचे वाटावे. कवीची पिढी त्याच्या जन्मसालाने नव्हे, तर तो लिहू लागला तेव्हा कवितेपुढे कोणती अडचण उभी होती यावरून ओळखावी लागते. पूर्वसूरींनी जी भिंत ओलांडली ती त्याच्यासाठी भिंत राहिलेली नसते. संपादक, समीक्षक, वाचक आणि भाषा मिळून दुसरी उभारतात. फरक एवढाच की मिदोरियामाला ती भिंत सुतार उभारतात आणि तिची उंची मोजता येते.

उरुशिहारा जोडे विकणाऱ्या कंपनीचे विक्रेते. जानेवारी २०१० मधल्या चोविसाव्या स्पर्धेत त्यांनी संपूर्ण विजय मिळविला आणि ऑक्टोबर २०११ मधल्या सत्ताविसाव्या स्पर्धेत दुसऱ्यांदा. असे दोनदा करणारे ते पहिले. त्यांच्या विजयाने नवी पिढी ही घोषणा न राहता वस्तुस्थिती झाली. त्याच वर्षाच्या अखेरीस कार्यक्रमाची निर्मितीसंस्था दिवाळखोरीत गेली आणि 'सासुके' राहतो की जातो अशी वेळ आली. वाहिनीने तो स्वतःकडे घेऊन डिसेंबर २०१२ मध्ये अठ्ठाविसावी स्पर्धा केली. तीत 'ऑल स्टार्स'पैकी काहींची निवृत्ती समारंभपूर्वक दाखविण्यात आली. येथे शंका घ्यायला जागा आहे. संकटातून निघालेल्या कार्यक्रमाला नव्याने सुरुवात करायची होती, आणि नव्या सुरुवातीसाठी आधी कशाचा तरी शेवट व्हावा लागतो. पिढीचा अस्त ही त्या वेळी कथानकाची गरज होती. नागानो आणखी काही वर्षे उतरत राहिले आणि २०१६ मधल्या बत्तिसाव्या स्पर्धेत निवृत्त झाले. यामादा निवृत्तीनंतरही वारंवार परतले. माणसे कथानकाइतकी आज्ञाधारक नसतात.

जपानी भाषेत 'सेदाइ' हा शब्द वापरण्याची सवय किती खोल आहे, हे येथे पाहिले पाहिजे. हा शब्द दोन चिन्हांनी लिहितात. पहिल्याचा अर्थ जग किंवा काळ, दुसऱ्याचा कारकीर्द, आणि एखाद्याच्या जागी दुसऱ्याने येणे. पिढी म्हणजे जागा रिकामी करून देणे, हा अर्थ चिन्हातच बसलेला आहे. समीक्षेत तर या शब्दाची कारकीर्द मोठी. १९७१ साली ओदागिरि हिदेओ या मार्क्सवादी समीक्षकाने फुरुइ योशिकिचि, गोतो मेइसेइ, कुरोइ सेन्जि प्रभृती लेखकांना 'अंतर्मुख पिढी' म्हटले ते दोष देण्यासाठी. सामाजिक प्रश्नांकडे पाठ फिरवून हे लोक स्वतःत गुंतले आहेत, असा त्याचा रोख होता. पुढे तेच नाव दोषारोपाचे न राहता पाठ्यपुस्तकातील प्रकरणाचे शीर्षक झाले. १९७६ मध्ये साकाइया ताइचि यांच्या कादंबरीने युद्धोत्तर जन्मलेल्यांना 'दान्काइ', म्हणजे एकत्र साकळलेल्या गोळ्याची, पिढी हे नाव दिले आणि ते लोकसंख्याशास्त्रात रूढ झाले. कादंबरीतला शब्द सरकारी अहवालांत जावा, हे भाग्य आपल्या कादंबरीकारांच्या वाट्याला फारसे आलेले नाही.

आणि १९९८ मध्ये, योगायोगाने 'सासुके' मिदोरियामाच्या उघड्यावर आला त्याच वर्षी, कोशिएनच्या शालेय बेसबॉल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात योकोहामा हायस्कूलच्या मात्सुझाका दाइसुके याने प्रतिपक्षाला एकही हिट मिळू दिली नाही. त्याच्या बरोबरीने शाळेत शिकलेल्या सगळ्या खेळाडूंना, म्हणजे एप्रिल १९८० ते मार्च १९८१ या शैक्षणिक वर्षात जन्मलेल्यांना, 'मात्सुझाका पिढी' म्हणू लागले. येथे पिढीची रुंदी एका इयत्तेएवढी झाली, आणि तिला घटनेचे नव्हे तर व्यक्तीचे नाव मिळाले. 'सासुके'तील तिसऱ्या गटाचे नाव याच घडणीचे आहे : 'मोरिमोतो सेदाइ', मोरिमोतो पिढी.

मोरिमोतो युसुके यांचा जन्म डिसेंबर १९९१ चा, कोचि प्रांतातला. अठराव्या स्पर्धेत, म्हणजे मार्गाची फेररचना झाली त्याच वेळी, पंधराव्या वर्षी ते प्रथम उतरले. जुलै २०१५ मधल्या एकतिसाव्या स्पर्धेत तेविसाव्या वर्षी त्यांनी संपूर्ण विजय मिळविला, डिसेंबर २०२० मधल्या अडतिसाव्या स्पर्धेत पुन्हा. व्यवसायाने संगणक-अभियंता. कोळी, अग्निशामक, पेट्रोलपंप येथून जोड्यांच्या विक्रीवरून संगणकापर्यंतचा हा प्रवास म्हणजे जपानच्या अर्थव्यवस्थेचा इतिहास, असे कोणी म्हणेल. मला तो मोह आवरावासा वाटतो, कारण शंभरांतून सहासात माणसे उचलून अर्थव्यवस्था सिद्ध होत नाही. अधिक महत्त्वाचा फरक निराळा आहे. यामादा, यामामोतो यांनी पहिली स्पर्धा कधी पाहिलेली नव्हती. पाहणार कशी, त्यांनीच ती केली. उरुशिहारांच्या गटाने मोठेपणी पाहिली आणि मग सराव केला. मोरिमोतो व त्यांचे समवयस्क लहानपणी दूरचित्रवाणीसमोर बसून तिच्यावर वाढले. त्यांच्यासाठी नागानो हा प्रतिस्पर्धी नव्हता, तो आधी नायक होता. झाडांवरून उड्या मारणाऱ्या सासुकेने पुस्तक वाचणाऱ्या पोरांना जे केले, तेच येथे पडद्यावरच्या 'सासुके'ने केले. खेळ जगण्याच्या अंगमेहनतीतून सुटून स्वतःच्या परंपरेवर जगू लागला. पूर्वसूरींना वाचून लिहिणारी पिढी आणि वाचण्यासाठी पूर्वसूरी नसलेली पिढी यांच्यात जे अंतर असते ते हेच, आणि ते जन्मसालांच्या अंतराहून कितीतरी मोठे असते.

आता या मांडणीत न बसणाऱ्यांकडे वळू, कारण कोणत्याही वर्गीकरणाची परीक्षा तेथे होते. यामामोतो शिंगो यांनी पहिल्या स्पर्धेपासून २०२२ मधल्या चाळिसाव्या स्पर्धेपर्यंत एकही चुकविलेली नाही. असे करणारे ते एकटेच. ते तिन्ही पिढ्यांबरोबर धावले, तरी त्यांची गणना पहिलीतच होते. यामादांनी स्वतः जिंकण्याची आशा मावळत असताना आपल्याभोवती शिष्य जमविले आणि त्या गटाला 'कुरोतोरा', काळा वाघ, असे नाव दिले. हा गट वेगवेगळ्या वयांच्या लोकांचा आहे. त्यांना जोडणारी गोष्ट काळ नसून गुरू आहे. आपल्या संगीतातील घराण्याशी त्याचे नाते अधिक जवळचे. पिढी आडवी कापते, घराणे उभे; एकाच माणसाला दोन्ही सुऱ्या लागू शकतात, पण कार्यक्रमाच्या निवेदनात पहिलीचाच आवाज मोठा असतो. ली एन-चिह तैवानचे असूनही जपानी 'नव्या पिढी'त सामावले गेले, पण अमेरिकेहून येऊन खोलवर मजल मारणारे स्पर्धक 'परदेशी' या कप्प्यात राहिले. त्यांना पिढी मिळाली नाही. आणि स्त्रियांचे काय? त्यांच्यासाठी 'कुनोइची' ही निराळी स्पर्धा होती, तीत मियाके आयाको यांनी सलग तीनदा संपूर्ण विजय मिळविला, म्हणजे पुरुषांपैकी कोणालाही न साधलेली गोष्ट केली. 'सासुके'च्या पिढ्यांच्या यादीत त्यांचे नाव शोधू नये. स्त्रियांच्या लेखनाला शेवटी एक स्वतंत्र प्रकरण देऊन मोकळे होणाऱ्या वाङ्मयेतिहासकारांना हा न्याय अपरिचित नाही.

याहून मोठा गट म्हणजे उरलेल्यांचा. प्रत्येक स्पर्धेत शंभर माणसे धावतात. त्यांतली कित्येक काही सेकंदांच्या धावत्या संकलनात दिसून जातात, काही मुळीच दिसत नाहीत. आडवी उडी घेणारा एक पाय, पाण्याचा एक फवारा, आणि पुढचा. 'पिढी' म्हणून जी सहा किंवा आठ नावे उरतात ती संकलनाच्या टेबलावर निवडलेली असतात. क्रमांकही बोलका असतो : शेवटचे, मोठे आकडे अनुभवींना आणि आशास्थानांना, आरंभीचे बहुधा नवख्यांना. कोण मागून धावणार हे आधीच ठरलेले असल्याने कोणाकडे लक्ष द्यायचे हेही प्रेक्षकाला आधीच कळते. आपले प्रातिनिधिक काव्यसंग्रह याहून फार वेगळ्या रीतीने काम करतात असे छातीठोकपणे सांगणारा संपादक मला भेटावासा वाटतो. नव्वदोत्तरी कवितेचा पेपर शिकविताना आपण जी दहा नावे फळ्यावर लिहितो त्यांच्याभोवती, त्याच वर्षांत, त्याच भाषेत, छोट्या गावांतून स्वखर्चाने संग्रह काढणारे शेकडो कवी होते. ते कोणत्या पिढीचे, हा प्रश्न परीक्षेत येत नाही, कारण त्यांची पिढी आपण त्यांना दिलेली नाही. अभ्यासमंडळाच्या बैठकीत एखादे नाव घालायचे वा वगळायचे ठरते तेव्हा कारण म्हणून 'त्या पिढीचे प्रतिनिधित्व' पुढे केले जाते. प्रत्यक्षात त्या बैठकीतच ती पिढी थोडीशी घडत असते.

तरीही हा शब्द टाकून द्यावा, असे मला वाटत नाही. मोरिमोतोंच्या समवयस्कांना 'मोरिमोतो पिढी' हे नाव पसंत पडले की नाही, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. दुसऱ्याच्या नावाने ओळखले जाणे कोणाला आवडेल? पण नाव मिळाल्यावर माणसे त्या नावाप्रमाणे वागू लागतात. एकत्र सराव करतात, एकमेकांना मार्गाच्या कडेने ओरडून धीर देतात, पडलेल्याच्या गळ्यात पडून रडतात. बाहेरून चिकटविलेले लेबल आतून खरे होत जाते. 'अंतर्मुख पिढी'चेही तसेच झाले, आणि साठोत्तरी हा शब्द ज्यांना उद्देशून वापरला गेला त्यांतील काहींनी पुढे तो अभिमानाने मिरविलाच.

२०२२ च्या डिसेंबरमधली चाळिसावी स्पर्धा विशेष म्हणून चारशे स्पर्धकांची करण्यात आली आणि तीत 'ऑल स्टार्स'चे सहाही जण पुन्हा उतरले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरमध्ये आधुनिक पंचक्रीडेच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने घोडेस्वारीच्या जागी अडथळ्यांची शर्यत घेण्याचे ठरविले होते. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी हा बदल आहे. म्हणजे पुढे या खेळात जन्मवर्षांचे अधिकृत गट, पात्रतेचे निकष, नोंदवह्या येतील, आणि पिढी मोजण्याचे काम निवेदकाच्या हातून पदाधिकाऱ्यांकडे जाईल. यामादा त्या चाळिसाव्या स्पर्धेत सत्तावन्न वर्षांचे होते. यामामोतो नेहमीप्रमाणे हजर होते. त्यांच्यासोबत रांगेत उभ्या असलेल्या मुलांपैकी कित्येकांचा जन्म पहिल्या स्पर्धेनंतरचा होता.